दोघींचं बुकिंग

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

मायना काय लिहायचा यातच सकाळ गेली. 'चिरंजीव सौभाग्यवती' लिहायची सोय उरली नाही आणि 'माजी सुनेस' असा मायना पत्रलेखनाच्या कुठल्याच पुस्तकात सापडायचा नाही. शेवटी दुकानातली गिऱ्हाइकं तुला जे म्हणायची तेच लिहिलं. तू डॉक्टर नव्हतीस, डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचीस. पण त्यांना त्याचं काही नव्हतं आणि मला तर मुळीच नाही.

माझं अक्षर बघून तू चिडशील. चीड. कोर्टाच्या पायऱ्यांवर तू म्हणालीस, "आई, मला फोन करू नका. तुमच्याशी बोलले की मी परत येईन, म्हणून नाही बोलणार." मी मान डोलावली आणि दीड वर्ष तो शब्द पाळला. कितीदा हात फोनकडे गेला ते विचारू नकोस. पण पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस. मी नीट आठवून पाहिलं. नाहीच बोललीस.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. घटस्फोट तुमचा दोघांचा झाला. माझा झालेला नाही. मला कुणी नोटीस पाठवली नाही, माझी कुणी सही घेतली नाही. त्या दिवशीसुद्धा मी बाकावर तुझ्या बाजूला जाऊन बसले होते आणि चिरंजिवांच्या वकिलाने कपाळावर हात मारून घेतला होता.

आता कामाचं. आपलं जंगलातलं बुकिंग संपत आलं आहे. विसरली असशील तर आठवण देते. दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा तू मला मोबाइलवर त्या झिपलाइनवाल्यांचा व्हिडिओ दाखवलास. हेल्मेट घातलेल्या बायका एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तारेला लटकून किंचाळत चालल्या होत्या. मी म्हटलं, "या वयात माझं माकड करतेस का?" तू म्हणालीस, "माकडं किंचाळत नाहीत, आई, मजा करतात," आणि बटण दाबून मोकळी झालीस. दोघींचं बुकिंग, पुरुषांना मज्जाव. महिन्याभरात घर फुटलं आणि ते तसंच राहिलं. मी तारीख दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा ढकलता येत नाही म्हणाले.

तेव्हा मी जाते आहे. अकरा तारखेला संध्याकाळी पोचेन. तुझी जागा मी रद्द केलेली नाही. आलीस तर आलीस.

चिरंजीव म्हणतात, "आई, तू एकटी जाणार? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक खाली असतील, मी वर असेन, मला ऐकू येणार नाही. त्यावर नेहमीप्रमाणे तोंड मिटून बसला. चार दिवस झाले. तुला ही त्याची खोड नव्याने सांगायला नको.

दुकान बरं चाललं आहे. तपासणीच्या खोलीला कुलूप आहे. तुझ्यामागे एक गृहस्थ ठेवून पाहिले, माणूस सज्जन होता, काम स्वच्छ. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "बसा बाई, तुमचेही डोळे बघून टाकतो." मी म्हटलं, माझे बघणारी ठरलेली आहे. महिन्याने तो गेला. आता मी फक्त फ्रेमी विकते, दांड्या नीट करते आणि नंबर काढायला लोकांना पलीकडच्या गल्लीत पाठवते. दाराजवळचा तो गोल स्टँड मात्र हलवायला हवा. इतकी वर्षं कधी वाटेत आला नाही, हल्ली येता-जाता धक्का लागतो. परवा सगळ्या लहान मुलांच्या फ्रेमी खाली.

माझे डोळे उत्तम आहेत. विचारशील म्हणून आधीच सांगितलं.

मला काय हवं आहे ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मला तू हवी आहेस. माझ्या मुलाची बायको म्हणून नको, ते संपलं, आणि माझ्या मते तू केलंस ते बरोबर केलंस. पण मला दुपारच्या चहाला समोर बसणारं माणूस हवं आहे, आणि ते तूच. दुसरं कुणी चालत नाही, मी करून पाहिलं.

तुझी जी कोण असेन ती


११ फेब्रुवारी, जंगलातून

डॉक्टरीणबाई,

तू आली नाहीस. ठीक आहे. स्वागताच्या टेबलामागच्या माणसाने दोनदा विचारलं, "दुसऱ्या मॅडम?" मी म्हटलं, मागून येतायत. खोटं बोलले. रात्रीच्या जेवणालाही त्याने दोन ताटं लावली आणि मी त्याला लावू दिली.

खोली लाकडी आहे, दोन पलंग, एक खिडकी, खिडकीला चिकटून झाड. तुझ्या पलंगावर मी माझी बॅग ठेवली आहे, म्हणजे तो मोकळा दिसत नाही.

संध्याकाळी सराव झाला. आमची मुख्य गाइड एक बाई आहे, तिशीची, दंड पैलवानाचे. गळ्यात शिट्टी असते, म्हणून तिला सगळे शिट्टी म्हणतात आणि ती ओ देते. आमच्या गटात मी आणि एक नवं जोडपं. बायकोला कधी एकदा वर चढते असं झालंय आणि नवऱ्याचा चेहरा आत्ताच पांढरा पडलाय. तो मला हळूच म्हणाला, "काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "माझं आयुष्य लोकांच्या नाकावर काच बसवण्यात गेलं, त्यापेक्षा अवघड काही नसतं." त्याला ते पटलं नाही.

आधी काट्यावर उभं केलं. आपला जीव चिमणीएवढा, हे तुला माहीत आहे. शिट्टीने आकडा बघितला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही फार हलक्या. वारा समोरून आला तर मधेच थांबाल. शेवटची मोठी तार तुम्हाला जोडीनेच करावी लागेल. तुमच्या दुसऱ्या मॅडम आल्या की त्यांच्याबरोबर." मी म्हटलं, बघू. मग कळलं की तुला हे तेव्हाच ठाऊक होतं. बुकिंगवर तू 'जोडीने' अशी खूण केली होतीस. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी आलेच नसते, हेही तुला ठाऊक होतं.

युक्ती साधी आहे. कमरेला आणि मांड्यांना पट्टे, पट्ट्यांना कप्पी, कप्पी तारेवर. एका हातात जाड चामड्याचा मोजा. झाडावरच्या मचाणावरून पाय सोडायचे की आपण निघालो. पलीकडच्या मचाणावर त्यांचा माणूस उभा असतो. त्याने दोन्ही हात वर-खाली हलवले की मोज्याचा हात कप्पीच्या मागे तारेवर दाबायचा, वेग कमी होतो. त्याच्या इशाऱ्याआधी दाबलं तर मधेच लटकायचं, दाबलंच नाही तर झाडाला बांधलेल्या गादीला मिठी. शिट्टी म्हणाली, "फक्त आमच्या माणसाकडे बघायचं. झाडं, पक्षी, आकाश, काही बघायचं नाही. तो म्हणेल ते करायचं." नवरदेव म्हणाला, "म्हणजे घरच्यासारखंच." बायको हसली. मला तो आवडायला लागला आहे.

जमिनीपासून हातभर उंचीवरच्या तारेवर मला दोनदा लटकवलं. दोन्ही वेळा नीट थांबले. शिट्टी म्हणाली, "मावशी, तुम्ही शिकवायला या."

निघताना तिने विचारलं, "काही झालं तर कुणाला कळवायचं?" तोंडातून तुझा नंबर गेला. पाठ आहे, काय करणार. तिने विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, सून. 'माजी' हा शब्द जिभेवर आला होता, पण जंगलात कोण कुणाचं माजी. तुला कुणी फोन करणार नाही, काळजी नको. काही होणारच नाही.

उद्या सकाळी पाच तारा. पाचही मी करणार आहे, आणि शेवटची एकटीने.

जिला दोन ताटं लागतात ती


१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

तुला फोन गेला. तो मी केलेला नाही. तेव्हा मी शब्द मोडला असं म्हणू नकोस.

झालं ते सगळं लिहिते. शिट्टीने तुला घाईत काय सांगितलं असेल देव जाणे.

पहिल्या दोन तारा फुलासारख्या गेल्या. खरं सांगते, मी किंचाळले नाही, हसले. मोठ्याने, वेड्यासारखी. पायाखाली नुसती पानं, हेल्मेटमध्ये वारा शिरतो आणि कप्पी तारेवर सुसाट आवाज करत जाते. मला तू तेव्हा इतकी हवी होतीस की मी मोठ्याने हाकही मारली. जंगलात कुणाला कळणार कुणाला मारली? तिसऱ्या तारेवर नवरदेवाने आधीच मोजा दाबला आणि मधोमध लटकला. त्याची बायको मचाणावरून ओरडत होती, "उलटा फीर आणि हाताने तार ओढत ये!" बिचारा पाठमोरा, एकेक हात करत आला. आला तेव्हा घामाने निथळत होता, पण चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाला, "काकू, आता मला कशाचीच भीती नाही." बायको म्हणाली, "घरी पालीची आहे."

मग चौथी. ही लांब आहे आणि पलीकडचं मचाण अर्धवर्तुळाकार आहे. झाड मधे असल्यामुळे त्यांचा माणूस समोर उभा राहू शकत नाही, डावीकडे बाहेर काढलेल्या फळीवर उभा असतो. हे शिट्टीने सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. निघाले, छान वेग आला, वाऱ्याने जरा उजवीकडे वळले. झाड दिसत होतं, गादी दिसत होती, गादीवरचा ठिगळाचा दोरासुद्धा दिसत होता. इशारा दिसला नाही. मी वाट बघत होते. मनात म्हटलं, हा माणूस गेला कुठे, शिट्टी लवकर दाबायचं नाही म्हणाली आहे. आणि गादी आली.

आदळले. डावा खांदा आणि डावा गुडघा. त्यांची एक जास्तीची दोरी असते, तिने बराच वेग खाल्ला, म्हणून हाडं शाबूत आहेत. खांदा काळानिळा झालाय आणि गुडघ्याचं साल गेलंय, बस. मी उठून त्या माणसावर तोंडसुख घेतलं. "कुठे होतात तुम्ही? झोपला होतात?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "मावशी, मी इथेच उभा होतो. दोन्ही हात हलवत होतो. ओरडतसुद्धा होतो."

नवरदेव मागून बघत होता. तार करून आल्यावर तोही म्हणाला, "हो काकू, ते हात हलवत होते. आम्हाला पलीकडून दिसत होते."

एवढ्या लांबून त्याला दिसले. चष्म्याच्या दुकानदारीणबाईंना दिसले नाहीत.

पाणी दिलं, ते प्यायले. शिट्टी जरा बाजूला जाऊन फोनवर बोलली. नियमच आहे म्हणे, कुणी आदळलं की घरी कळवायचं. परत आली आणि माझ्या समोर उकिडवी बसली.

"तुमच्या सूनबाईंशी बोलले."

"उचलला तिने?"

"लगेच. मी म्हटलं, घाबरू नका, मावशी बऱ्या आहेत, खांद्याला मार आहे. तर त्या म्हणाल्या, कुठल्या बाजूच्या? मी म्हटलं डाव्या. मग विचारलं, इशारा देणारा कुठे उभा होता? मी म्हटलं, डावीकडे. मग काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं फोन कटला."

"मग?"

"मग म्हणाल्या, त्यांना आता तारेवर सोडू नका. जोडीनेही नको. पायऱ्यांनी खाली आणा आणि उतरताना डाव्या हाताला माणूस द्या. बाकी काय करायचं ते त्यांना माहीत आहे."

शिट्टीला काही उमगलं नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, सूनबाई डॉक्टर आहेत का?"

मी म्हटलं, "हो."

अगं, दीड वर्षाने तू माझी चौकशी केलीस, तीही कुणा तिसऱ्याजवळ, आणि तीन वाक्यांत मला नागवं केलंस. मला तुझा राग आला. इतका आला की मला त्या मचाणावरून पाचवी तार करून दाखवावीशी वाटली. शिट्टीशी मी भांडलेही. "पैसे भरलेत मी," वगैरे. ती हलली नाही. "मावशी, सूनबाईंनी सांगितलंय," एवढंच. जंगलाच्या मधोमध, झाडाच्या शेंड्यावर, माझ्यावर सुनेचा हुकूम चालला होता.

आणि मी तो ऐकला. झाडाच्या मागून एक जिना खाली जातो. गाइड लोक त्याला रडक्यांची वाट म्हणतात. ज्यांना भीती वाटते ते तिथून उतरतात. माझ्या डाव्या हाताला शिट्टी स्वतः आली. ती बाजूला चालत होती तरी मला तिला बघायला पूर्ण मान वळवावी लागत होती. मी दोनदा तपासून पाहिलं. डोक्यावरून नवरा-बायको एकापाठोपाठ गेले. बायको किंचाळत होती आणि नवरा चक्क गात होता.

मला वाटलं होतं लाज वाटेल. तसं झालं नाही. मी खूश होते. गुडघा ठणकत होता, खांदा उचलत नव्हता आणि मी खूश होते, कारण तू अजून माझ्यावर ओरडू शकतेस.

आता तुला माहीतच झालं आहे तर बाकीचंही कबूल करते. तू जाण्याआधी शेवटचं तपासलंस तेव्हा म्हणाली होतीस, डोळ्यांतला दाब काठावर आहे, दर सहा महिन्यांनी बघायला हवं. मी एकदाही बघितलं नाही. गावात डोळ्यांचे डॉक्टर चार आहेत, मी पाठवलेली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे जातात, चौघेही मला ओळखतात. मी गेले नाही. माझे डोळे तू बघायचीस. तू बघत नाहीस तर कुणीच बघायचे नाहीत, असं मी ठरवून टाकलं. हट्ट म्हण, रुसवा म्हण. मला त्याला नाव द्यायचं नाही.

लंगडी


१५ फेब्रुवारी

घरी पोचले. चिरंजीव घ्यायला आला होता. "खांद्याला काय झालं?" "दार लागलं." त्याने बॅग उचलली आणि वाटेत एवढंच विचारलं, "ती आली होती?" मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली. बरं वाटलं की वाईट, कळलं नाही. तो वाईट माणूस नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण रागावला की अबोला धरतो आणि आठवडा-आठवडा दुसऱ्याला घरात एकटं पाडतो. तू त्याच एका गोष्टीपायी गेलीस.

मग मला सांग, ती खोड तू कशी उचललीस?

दीड वर्ष. त्याने अबोला एवढा लांब कधी धरला नव्हता. हे टोचून लिहिते आहे. टोचू दे.


२० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

तुझं उत्तर आलं नाही आणि मी वाट बघायचं बंद केलं आहे. वाट बघून काही होत नाही, हे दुकानात बसणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला नको. उठून काहीतरी करावं लागतं.

परवा तपासणीच्या खोलीचं कुलूप काढलं. धूळ झाडली. म्हटलं, कुणाला दाखवायच्या आधी आपलं आपण बघून घेऊ. खुर्चीत बसले, उजवा डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, खडाखड वाचत गेले. पाचव्या ओळीवर लक्षात आलं की तक्त्यामागचा दिवा लावलेलाच नाही. अंधारात वाचत होते! तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून सगळी अक्षरं पाठ झाली आहेत. खुर्चीत बसून मी इतकी हसले की बाहेर आलेलं गिऱ्हाईक परत गेलं. मग रडले. तेवढंच, थोडं.

मग दिवा लावला आणि तू शिकवलेली दुसरी परीक्षा केली. नाकासमोर बघायचं, हात बाजूला लांब करायचा, बोटं हलवत हळूहळू पुढे आणायची. उजवा हात लगेच दिसला. डावा हात पार गालाजवळ आला तेव्हा उगवला. पुन्हा केलं. तिथेच.

मला त्या रोगाचं नाव माहीत आहे. काचबिंदू. गेलेलं परत मिळत नाही आणि उरलेलं सांभाळायचं असतं, हे मी स्वतः काउंटरवर उभी राहून शंभर लोकांना सांगितलं असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घाबरले का? घाबरले. त्या रात्री भिंतीला हात लावून झोपले. पण घाबरून घरात बसणं मला जमत नाही, तेव्हा काल दुपारीच पुढचं ठरवलं.

तू हल्ली शहरात चष्म्याच्या ज्या मोठ्या दुकानात काम करतेस तिथे फोन लावला. तुला नाही, दुकानाला. त्याला तुझी मनाई नव्हती. काउंटरवरच्या बाई गोड बोलल्या. मी म्हटलं, डोळे तपासायचे आहेत, दाबही बघायचा आहे, आणि तपासणाऱ्या मॅडमच हव्यात, दुसरं कुणी नको. मंगळवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. त्यांनी नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. पलीकडे जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मॅडमचंही आडनाव हेच आहे. नात्यातल्या का?"

म्हणजे तू ते अजून बदललेलं नाहीस. फोन कानाला लावून मी भिंतीकडे बघत राहिले. बाई 'हॅलो, हॅलो' करत होत्या.

मी म्हटलं, "नाही. गिऱ्हाईक आहे."

विचार करूनच म्हटलं. सासू दारात आली तर तुला दार लावून घेता येईल. गिऱ्हाइकाला लावता येणार नाही, हे मीच तुला शिकवलं आहे. दारात आलेला माणूस आवडो न आवडो, आधी त्याला बसायला खुर्ची द्यायची.

चिरंजिवाला सांगितलं आहे कुठे जाते ते. खरं कारणही सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मला वाटलं आता आठवडा गेला. मग म्हणाला, "स्टँडवर सोडतो तुला. एसटीत डावीकडची खिडकी घेऊ नको, बाहेरचं काही दिसायचं नाही." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तुला काही सुचवण्यासाठी लिहीत नाही, झालं ते लिहिलं.

मंगळवारी तुला माझ्याशी गप्पा मारायच्या नाहीत. जंगलाचं विचारायचं नाही, त्याचं विचारायचं नाही. गिऱ्हाइकाला विचारतात तेवढंच विचार. मी दिसेल ते दिसलं म्हणेन आणि दिसणार नाही ते नाही म्हणेन, पाठ असलं तरी. तू डॉक्टरांकडे चिठ्ठी देशील ती घेऊन मी थेट त्यांच्याकडे जाईन, थेंब दिले तर घालीन, कापायचं म्हणाले तर कापू देईन. जे व्हायचं ते होईल. फक्त ते तू बघितलेलं असेल. मला तेवढं हवं आहे आणि तेवढं घेतल्याशिवाय मी उठणार नाही.

मी दहा मिनिटं आधीच येऊन बाहेरच्या खुर्चीवर बसेन. नाव पुकारू नकोस, बाहेर ये आणि माझ्या समोर उभी राहा. डावीकडून आलीस तर मला तू दिसणार नाहीस.

मंगळवारचं अकराचं गिऱ्हाईक